खिडकी दुपारी उघडा : पेण-रोह्याच्या घरांतली हिवाळ्याची हवा

डिसेंबर-जानेवारीत सकाळी सातच्या सुमाराला पेणहून वडखळकडे निघालं, की खारेपाटातल्या शेतांवर एक पांढुरका पट्टा पसरलेला दिसतो. आपण त्याला धुकं म्हणतो. त्यात धुकं असतंच, पण वीटभट्ट्यांचा धूर, महामार्गाची धूळ, रात्री कुणीतरी पेटवलेला कचरा आणि पहाटे पेटलेल्या चुलीही असतात. रोह्याला दोन्ही बाजूंनी डोंगर असल्यामुळे कुंडलिकेच्या खोऱ्यात हा पट्टा आणखी उशिरापर्यंत रेंगाळतो. थंडीच्या रात्री जमीन भराभर गार होते, तिच्यालगतची हवा जड होऊन खाली बसते आणि वर तिच्यापेक्षा उबदार हवेचा थर राहतो. पातेल्यावर झाकण ठेवावं तसा तो थर खालची हवा वर जाऊ देत नाही. त्यात वारा पडलेला. रात्रभर जे जळलं, जे उडालं, ते सगळं सकाळपर्यंत आपल्या नाकाच्या उंचीवर साचून राहतं.

ऊन चढलं की हे बदलतं. जमीन तापते, थर मोडतो आणि दुपारी धरमतरच्या खाडीकडून खारे वारे वाहू लागतात. रात्री पुन्हा जमिनीकडून समुद्राकडे मंद मतलई वारे. हे वेळापत्रक शाळेच्या भूगोलात आपण सगळ्यांनीच पाठ केलं होतं. ते घराच्या खिडक्यांना लावायचं, एवढंच राहिलं.

उठल्या उठल्या सगळी दारं-खिडक्या उघडायची आपली सवय चांगली आहे. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात ती तशीच ठेवावी. हिवाळ्यात मात्र महामार्गाच्या, भट्टीच्या किंवा कारखान्याच्या बाजूची खिडकी दहा-साडेदहापर्यंत बंद असलेलीच बरी. त्यानंतर चार-पाच वाजेपर्यंत घर मोकळं सोडा. एकच खिडकी सताड उघडण्यापेक्षा समोरासमोरच्या दोन खिडक्या, किंवा एक खिडकी आणि तिच्या समोरचं दार, अर्धं-अर्धं उघडलं तरी हवा जास्त बदलते. तिला शिरायला जागा हवी तशीच निघायलाही हवी. स्लॅबच्या नव्या घरांतल्या सरकत्या खिडक्या मुळातच अर्ध्या उघडतात आणि त्या अर्ध्यावर जाळी असते. ती जाळी धुळीने बुजलेली असेल तर खिडकी उघडी असूनही बंदच. महिन्यातून एकदा ती काढून धुवावी.

रात्रीचं काय? एका खोलीत चार-पाच माणसं झोपत असतील तर सगळं घट्ट बंद करू नये. बाहेर धूर असेल तर आतल्या खोलीचं दार उघडं ठेवावं किंवा धूर नसलेल्या बाजूचा वरचा झरोका. सकाळी उठल्यावर डोकं जड होत असेल, खोलीत शिरल्यावर कोंदट वास येत असेल, तर रात्री हवा कमी पडते आहे असं समजावं. आणि ज्यांचं घर वस्तीपासून दूर आहे, आजूबाजूला काही जळत नाही, त्यांनी सकाळीही खुशाल उघडावं. नाकाला धुराचा वास येतो की नाही, यापेक्षा चांगलं मोजमाप बहुतेक घरांत नसतं.

हिवाळ्यातल्या हवेवर जे सल्ले छापून येतात, त्यांतले बरेच दिल्लीसाठी किंवा बर्फाच्या देशांसाठी लिहिलेले असतात. घर सीलबंद करा, हीटर लावा, हवेत ओलावा सोडणारं यंत्र ठेवा. आपल्याकडे यातलं काहीच लागू नाही. आपली थंडी गोधडीत भागणारी आहे, आणि ओलावा तर कोकणात गरजेपेक्षा जास्तच असतो. तेव्हा ऊब मिळावी म्हणून बंद घरात काहीही पेटवायचं कारण नाही, आणि या लेखात मला सगळ्यांत कळकळीने सांगायचं आहे ते हेच. पेण-रोह्याच्या घरांत हिवाळ्यातला सगळ्यांत वाईट धूर बाहेरून येत नाही. तो आपण आतच लावतो.

सुरुवात जिवावर बेतणाऱ्या गोष्टीपासून. कोळशाची शेगडी, विझत आलेले निखारे भरलेली घमेली, किंवा लाकडं घालून तापवायचा बंब झोपायच्या खोलीत किंवा दार लावलेल्या न्हाणीघरात ठेवू नका. धुमसणाऱ्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक जोराने चिकटतो, त्यामुळे श्वास चालू असूनही शरीराला ऑक्सिजन मिळत नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग गुंगी येते, आणि झोपेत असलेल्या माणसाला यातलं काही कळतच नाही. निखाऱ्यांचा धूर दिसत नाही म्हणून ते निर्धोक वाटतात. नेमके तेच जास्त धोक्याचे असतात.

हाच वायू गॅस गिझरमधूनही निघतो. गेल्या काही वर्षांत पेण आणि रोहा शहरांतल्या नव्या इमारतींत हे गिझर आले आहेत. लहानसं बाथरूम, थंडी वाजते म्हणून बंद केलेली खिडकी, आणि एकामागून एक सगळ्यांच्या आंघोळी. तिसऱ्या-चौथ्या माणसाची पाळी येईपर्यंत आतला ऑक्सिजन कमी झालेला असतो आणि ज्योत अर्धवट जळू लागते. गॅस गिझर बाथरूमच्या आत बसवूच नये. तो बाहेरच्या मोकळ्या गॅलरीत किंवा बाहेरच्या भिंतीवर बसवून फक्त गरम पाण्याची नळी आत घ्यावी. आधीच आत बसवलेला असेल तर हलवून घ्या. तोपर्यंत बादली भरून घ्या, गिझर बंद करा आणि मगच दार लावून आंघोळ करा. ज्योत निळी न राहता पिवळी होत असेल तर त्याच दिवशी दुरुस्तीवाल्याला बोलवा. आत गेलेल्या माणसाने हाकेला ओ दिली नाही तर दार तोडायला संकोच करू नका. त्याला आधी मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन लावा. घरातल्या दोघा-तिघांना एकाच वेळी डोकेदुखी आणि मळमळ सुरू झाली, तर ते पित्त समजून थांबू नये. सगळ्यांनी घराबाहेर यावं.

दुसरी गोष्ट डासांची अगरबत्ती. खाडी, खाजणं, भातशेतीतलं साचलेलं पाणी यांमुळे आपल्याकडे हिवाळ्याच्या संध्याकाळीही डास भरपूर. मग बंद खोलीत, पलंगाखाली, बाळाच्या पाळण्याजवळ कॉइल लावून सगळे झोपतात. या कॉइलमध्ये औषध थोडं आणि धुमसत राहणारा भुसा जास्त असतो. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात तपासलेल्या कॉइलपैकी एकेक कॉइल जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण हवेत सोडते, असं आढळलं. ज्या घरात कुणी विडीलाही हात लावत नाही, त्या घरातल्या तान्ह्या मुलाला आपण रात्रभर हे देतो. मच्छरदाणी हा यावरचा जुना आणि आजही सगळ्यांत चांगला उपाय. दिवेलागणीच्या आधी अर्धा तास खिडक्या लावून घ्याव्यात, खिडक्यांना जाळी बसवावी, पंखा मंद चालू ठेवावा. विजेवरच्या द्रवाचा धूर होत नाही, पण तेही औषधच आहे. खोली थोडी उघडी असेल तरच लावावं आणि बाळाच्या उशाशी मुळीच लावू नये. अंड्यांचे ट्रे किंवा नारळाची सोडणं पेटवून धूर करण्याची पद्धत तर घरात नकोच. गोठा घराला लागून असेल आणि गुरांसाठी धुरी करायची असेल, तर त्या बाजूचं दार आणि खिडकी तेवढा वेळ बंद ठेवावी.

मार्गशीर्षातले गुरुवार, दत्तजयंती, माघी गणपती हे सगळं याच दिवसांत येतं. पूजेला धूप-उदबत्ती असणारच, आणि असावी. तुपाच्या निरांजनाचा धूर नाममात्र असतो. उदबत्ती लावायची तर एक लावावी, देवघराजवळची खिडकी उघडी ठेवावी, आणि धूप किंवा धुनी करायची तर ओटीवर करावी, घरभर फिरवणं टाळावं. धुराने हवा शुद्ध होते असं पुष्कळजण मनापासून मानतात. कापूर असो, गुग्गुळ असो, कडुलिंबाचा पाला असो, फुप्फुसात जाणारे कण तेच असतात. घरात दम्याचं माणूस असेल त्या दिवशी देवाला फुलं वाहून हात जोडले तरी पूजा पूर्ण होते.

मिश्रीचाही उल्लेख करायला हवा, कारण तिच्याबद्दल कुणी लिहीत नाही. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजताना उठणारा तिखट धूर स्वयंपाकघरात तासभर राहतो, आणि तिथेच नातवंडं खेळत असतात. मिश्री सोडणं हाच खरा उपाय. ते जमेपर्यंत निदान भाजणं परसात, मुलांपासून लांब व्हावं.

आता चूल. उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली आणि वाड्या-वस्त्यांवर सिलिंडर पोहोचले. पण बहुतेक घरांत चहा-भाजी गॅसवर आणि आंघोळीचं पाणी, भात, भाकरी चुलीवर असं चालतं. ते समजण्यासारखं आहे. सिलिंडर विकत घ्यावा लागतो आणि लाकूड रानातून येतं. पण हिवाळ्यात पाणी जास्त तापतं, चूल जास्त वेळ जळते, आणि थंडीमुळे दार लावलेलं असतं. घरगुती धुरामुळे २०२० मध्ये जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लेख लिहून दाखवून दिलं, की सीओपीडी हा श्वासनळ्या अरुंद करणारा जुनाट आजार फक्त सिगारेट ओढणाऱ्यांचा नाही, चुलीचा धूर हे त्याचं जगातलं एक फार मोठं कारण आहे. चार पावलं चालून धापा टाकणारी आणि आयुष्यात कधी विडी न ओढलेली आजी आपल्या प्रत्येक गावात आहे.

पाण्याची चूल घराबाहेर मागच्या पडवीत न्यावी, हा सगळ्यांत सोपा बदल. लाकूड पावसाळ्याआधीच आडोशाला रचून वाळवलेलं असावं, बारीक फोडलेलं असावं. ओलं लाकूड निम्मं धूरच देतं. हंड्यावर झाकण ठेवलं की पाणी लवकर तापतं. चूल पेटवायला प्लॅस्टिकची पिशवी, रबर किंवा रंगवलेलं लाकूड कधीही वापरू नये. ज्यांना परवडतं त्यांनी गच्चीवर सौर बंब बसवावा. आपला हिवाळा निरभ्र असतो, आणि ज्या महिन्यांत गरम पाणी लागतं त्याच महिन्यांत तो चांगला चालतो. गॅसच्या शेगडीलाही हवा लागते; फोडणी देताना आणि सुकट-बोंबील भाजताना एक्झॉस्ट पंखा लावावा आणि रांधून झाल्यावरही दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवावा. पंखा असून तो लावला जात नाही, असं कितीतरी घरांत दिसतं.

पोपटीबद्दलही लोक विचारतात. वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, मडकं आणि शेतातला जाळ हा आपल्या हिवाळ्याचा आनंद आहे आणि तो सोडायचं काही कारण नाही. ती मोकळ्या शेतात लावावी, इमारतीच्या गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये नको. जाळायला पेंढा-लाकूड घ्यावं, टायर नको, आणि लहान मुलांना वाऱ्याच्या वरच्या बाजूला बसवावं.

पेणचा विचार गणपतीच्या कारखान्यांशिवाय होऊ शकत नाही. पेण शहर, हमरापूर, जोहे, कळवे या भागात वर्षभर मूर्ती घडतात आणि कित्येक ठिकाणी कारखाना आणि घर एकाच छपराखाली असतं. हिवाळ्यात साच्यातून काढलेल्या मूर्तींचं घासकाम चालू असतं, आणि पॉलिशपेपरने निघणारी पांढरी भुकटी कपड्यांवर, केसांत, पांघरुणांत, जेवणाच्या ताटात पोहोचते. प्लास्टर असो वा शाडू, कोरडी धूळ फुप्फुसाला घातकच. घासायचा भाग ओलसर करून घासता आला तर धूळ निम्म्याहून कमी उडते. कारखान्यात कोरडा झाडू मारू नये. धूळ पाणी शिंपडून किंवा ओल्या फडक्याने काढावी. जेवायला घरात जाण्याआधी अंगावरचा सदरा बदलावा आणि तो बाहेरच झटकावा. ज्या खोलीत मूर्ती आहेत तिथे मुलांना झोपवू नये, मग जागा कितीही कमी असो.

रंगकाम वेगळं. स्प्रेगनने तेलरंग मारताना रंगाचे थेंब आणि थिनरची वाफ दोन्ही हवेत असतात. कापडी रुमालाने दोन्हींपैकी काहीच अडत नाही. एन-९५ मास्क थेंब अडवतो, वाफ अडवत नाही; वाफेसाठी कार्बनची डबी लावलेला अर्धा चेहरा झाकणारा मास्क लागतो, आणि ती डबी वेळोवेळी बदलावी लागते. रंग दुपारी, वारा खेळता असताना मारावा, आणि वाळायला ठेवलेल्या मूर्ती रात्री राहत्या खोलीत आणू नयेत. डोकं हलकं होणं, डोळे चुरचुरणं हे कामाचा भाग म्हणून सोडून देण्यासारखं नाही. ज्या हातांनी गावोगावचे गणपती घडतात, त्या माणसांची फुप्फुसं जपणं ही कारखानदारांची जबाबदारी आहे. मास्क आणि पंखा हा मूर्तीच्या खर्चातच धरायला हवा.

तशीच जबाबदारी वीटभट्टीवाल्यांची. भट्टीवर काम करणारी, बहुतांशी कातकरी, कुटुंबं हंगामभर भट्टीच्या शेजारीच झोपड्यांत राहतात आणि रात्री आत शेकोटी पेटवून तिच्याभोवती झोपतात. आपल्याकडे हिवाळ्याच्या रात्री वारा बहुधा पूर्वेकडून, डोंगराकडून येतो; म्हणून झोपड्या भट्टीच्या पूर्वेला बांधल्या तर रात्रीचा बराचसा धूर टळतो. एखाद्या रात्री उभं राहून धूर कुठे जातो ते पाहावं आणि मग जागा ठरवावी. झोपडीला वरच्या बाजूला धूर जायला मोकळी फट ठेवावी, शेकोटी दाराबाहेर करावी आणि प्रत्येक कुटुंबाला कोरडी घोंगडी द्यावी. पांघरूण पुरेसं असेल तर आत विस्तव लागत नाही.

धुळीबद्दल थोडक्यात. महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर चौपदरीकरणाचं काम २०११ मध्ये सुरू झालं आणि रस्त्याकाठच्या घरांनी तेव्हापासून किती धूळ खाल्ली ते त्यांनाच ठाऊक. अशा घरांत झाडू मारण्याआधी फरशीवर ओला फडका फिरवावा, चपला बाहेर काढाव्यात. पेटीतून, माळ्यावरून काढलेल्या गोधड्या आणि रजया तशाच अंगावर घेऊ नयेत. पावसाळाभर दमट जागी राहिलेल्या कपड्यांत धुळीतले अतिसूक्ष्म किडे वाढलेले असतात आणि त्यांच्यामुळे पहाटे शिंका, खोकला, दमा उसळतो. त्या कढत पाण्यात धुवाव्यात. धुणं शक्य नसेल तर सलग दोन-तीन दिवस कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवून बाहेरच झोडपाव्यात. भिंतीवर पावसाळ्यातली काळी बुरशी राहिली असेल तर साबणाच्या पाण्याने पुसून, वाळवून मग रंग द्यावा. बुरशीवर रंग मारला तर ती आत वाढतच राहते. पेंढा ओलसर असताना माळ्यावर भरू नये. बुरशी धरलेला पेंढा हलवताना उडणारी पूड श्वासात गेली तर काही तासांनी ताप आणि धाप लागते, आणि वारंवार असं झालं तर फुप्फुस कायमचं कडक होऊ शकतं.

हवा शुद्ध करणारी यंत्रं घ्यावीत का? दम्याचा किंवा सीओपीडीचा रुग्ण असेल आणि घर महामार्गाला लागून असेल तर हेपा फिल्टरचं यंत्र त्याच्या खोलीत उपयोगी पडतं, फिल्टर वेळेवर बदलला तर. इतरांनी ते पैसे जाळीवर, एक्झॉस्ट पंख्यावर आणि मच्छरदाणीवर खर्च करावेत. कुंडीतली झाडं हवा शुद्ध करतात ही समजूत १९८९ च्या नासाच्या एका प्रयोगावरून पसरली. तो प्रयोग बंद पेटीतला होता. राहत्या घरात तेवढा परिणाम दिसायला खोलीभर झाडांचं रानच लागेल. तुळस दारात असावी, पण खिडकीचं काम तिच्यावर सोपवू नये.

धाटावच्या औद्योगिक वसाहतीच्या आसपास राहणाऱ्यांना हिवाळ्याच्या रात्री उग्र वास जास्त जाणवतो, कारण रात्री हवा वर जात नाही. अशा वेळी खिडक्या लावून, त्या बाजूच्या फटींत ओलं कापड घालावं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी घर पूर्ण मोकळं करावं. वही ठेवा. तारीख, वेळ, वास कसा होता, वारा कुठून होता, कुणाला त्रास झाला. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे अशा नोंदींसह चार घरांनी मिळून केलेली तक्रार ‘नेहमीच वास येतो’ या वाक्यापेक्षा खूप पुढे जाते. केंद्रीय मंडळाच्या ‘समीर’ अॅपवर जवळच्या केंद्राचे आकडे दिसतात. पीएम २.५ या सूक्ष्म कणांची आपल्या देशातली चोवीस तासांची मर्यादा घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेची १५. पण केंद्र दूरचं असेल तर तो आकडा तुमच्या गल्लीतला नव्हे, हे ध्यानात ठेवावं.

शेवटी आजाऱ्याची खोली. हिवाळ्यात सर्दी-फ्लू घरभर फिरतो, आणि क्षयाचा रुग्ण असेल तर प्रश्न आणखी गंभीर. खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते; ती आधी करून घ्यावी. क्षयाचे जंतू खोकल्यातून हवेत येऊन तरंगत राहतात, आणि त्यांच्यावर मोकळ्या हवेइतकं स्वस्त औषध नाही. पेरूची राजधानी लिमा इथल्या रुग्णालयांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या वॉर्डांत खिडक्या-दारं उघडी ठेवली, तर तासाभरात हवा सरासरी ४० वेळा बदलत होती. नव्या बांधणीच्या खोल्यांत १७ वेळा. आपल्या जुन्या कौलारू घरांत कौलांच्या फटींतून, झरोक्यांतून, उंच आढ्यातून असंच होत असे. म्हणून आजारी माणसाला थंडी बाधेल या काळजीने आतल्या अंधाऱ्या माजघरात ठेवू नका. त्याला ओटीवरची किंवा दोन बाजूंना खिडक्या असलेली खोली द्या, त्याचा पलंग वाऱ्याच्या वाटेत शेवटच्या टोकाला, बाहेर जाणाऱ्या खिडकीजवळ ठेवा, म्हणजे त्याचा श्वास घरात न फिरता बाहेर जाईल. कानटोपी आणि आणखी एक गोधडी त्याला द्या, पण खिडकी लावू नका.